चिमूटभर मीठ, जन्मभराची ठेव

मुंबईहून निघालेली उद्यान एक्स्प्रेस दुसऱ्या दिवशी बेंगळुरूला पोहोचते, तेव्हा फलाटावर उतरणाऱ्या प्रवाशांत लेकीच्या बाळंतपणासाठी आलेली एखादी मराठी आई हमखास असते. नोकरीनिमित्त बेंगळुरूत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांची संख्या मोठी आहे. लेकीला माहेरी येणे जमत नाही, म्हणून माहेरच लेकीच्या घरी येते. त्या आईच्या सामानात डिंक, खारीक, हळीव, बाळंतशेपा, वेखंड, घरी कढवलेले तूप असा सारा संभार असतो आणि बहुधा त्यातच सैंधवाची एक पुडीही असते. बाळंतिणीला साधे मीठ बाधते, तिने सैंधवच खावे, असे अनेक घरांत पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. लेकीने तर त्याआधीच गुलाबी रंगाचे खडकमीठ दुकानातून आणून ठेवलेले असते, कारण ते ‘नैसर्गिक’ असते असे तिने कोठेतरी वाचलेले असते. एरवी झबल्यापासून धुरीपर्यंत प्रत्येक गोष्टीवर मतभेद असणाऱ्या दोन पिढ्यांचे या एका बाबतीत मात्र सहज एकमत होते.

नेमके हेच एकमत बाळाच्या हिताचे नसते. सैंधवात किंवा गुलाबी खडकमिठात मुद्दाम आयोडीन मिसळलेले नसेल, तर त्यातून मिळणारे आयोडीन नगण्य असते. ज्या काळात आईला आयोडीनची गरज सर्वाधिक असते, त्याच काळात तिच्या ताटातून आयोडीनचा सर्वांत भरवशाचा स्रोत नाहीसा होतो. कोणाच्याही मनात वाईट नसते, किंबहुना हे सारे मायेपोटीच घडते. म्हणूनच या विषयाची शास्त्रीय बाजू समजून घेणे आवश्यक ठरते.

मायक्रोग्रॅमचा हिशेब

१८११ साली बर्नार कुर्त्वा या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला समुद्रशैवालाच्या राखेवर प्रक्रिया करताना जांभळ्या रंगाची वाफ दिसली. या नव्या मूलद्रव्याला पुढे जांभळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून आयोडीन हे नाव मिळाले. मानवी शरीरात याचे प्रमुख कार्य एकच. गळ्याच्या पुढील भागात फुलपाखराच्या आकाराची अवटू ग्रंथी, म्हणजेच थायरॉईड असते. ती जी संप्रेरके तयार करते, त्यांचा आयोडीन हा अविभाज्य घटक होय. शरीराची उष्णता, हृदयाची गती, वाढ आणि मेंदूचा विकास या संप्रेरकांच्या आधारे चालतो.

गरज मात्र अत्यल्प असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला दररोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब केला तरी एकूण गरज सुमारे चार ग्रॅम, म्हणजे चमचाभरही भरत नाही. पण हा चमचाभर साठा एकदाच घेऊन आयुष्यभर वापरता येत नाही. तो रोज थोडा थोडाच घ्यावा लागतो.

गर्भवती व स्तनदा मातेसाठी हेच प्रमाण २५० मायक्रोग्रॅम सांगितले आहे. वाढीव शंभर मायक्रोग्रॅमचे कारण उघड आहे. अंगावर पाजणारी आई रोज साधारण पाऊण लिटर दूध देते, आणि त्या दुधातून तिच्या शरीरातील आयोडीन बाळाकडे जाते. बाळाची स्वतःची गरज दररोज ९० मायक्रोग्रॅम इतकी असते. वजनाच्या तुलनेत पाहिले तर ही गरज मोठ्या माणसापेक्षा कित्येक पटींनी अधिक ठरते.

शिल्लक नसलेले खाते

बँकेच्या भाषेत सांगायचे तर प्रौढ माणसाची अवटू ग्रंथी हे चांगली शिल्लक असलेले खाते आहे. काही आठवडे जमा कमी झाली तरी व्यवहार थांबत नाही. नवजात बाळाचे खाते मात्र जवळजवळ रिकामे असते. त्याच्या इवल्याशा ग्रंथीतील साठा फारच थोडा, आणि खर्च रोजचा. आज मिळालेले आयोडीन आजच्याच संप्रेरकासाठी खर्ची पडते. त्यामुळे या खात्यात रोज भरणा व्हावा लागतो आणि पहिल्या सहा महिन्यांत, बाळ केवळ अंगावर पीत असताना, तो भरणा करणारी व्यक्ती एकच असते.

निसर्गाने या भरण्याची सोयही केली आहे. रक्तातील आयोडीन पेशीत ओढून घेणारे एक विशिष्ट प्रथिन अवटू ग्रंथीत असते. १९९६ साली नॅन्सी कॅरॅस्को यांच्या प्रयोगशाळेने त्या प्रथिनाचे जनुक शोधून काढले. हेच प्रथिन दूध तयार होण्याच्या काळात स्तनांतही कार्यरत होते. परिणामी आईच्या रक्तात असते त्यापेक्षा कित्येक पटींनी अधिक आयोडीन दुधात जमा होते. आईला थोडी उणीव असली तरी दूध शक्य तितके आपल्याकडे ओढून घेते. मात्र आईच्या आहारातच आयोडीन नसेल, तर दुधात ते कोठून येणार? उणीव दोघांच्याही वाट्याला येते.

मेंदूच्या घडणीचा पाया गर्भावस्थेत घातला जातो आणि पुढील दोन-तीन वर्षे ही घडण वेगाने चालू राहते. या काळात अवटूच्या संप्रेरकांची तीव्र कमतरता राहिल्यास बौद्धिक वाढ खुंटते, श्रवण व वाचा यांवर परिणाम होतो, आणि झालेली हानी पुढे कितीही आयोडीन दिले तरी पूर्णपणे भरून येत नाही. टाळता येण्याजोग्या मेंदूहानीच्या कारणांत जागतिक आरोग्य संघटनेने आयोडीनच्या कमतरतेला अग्रस्थान दिले आहे, ते यामुळेच.

कांगड्यापासून चिक्कमगळुरूपर्यंत

आयोडीनचा अभाव म्हणजे हिमालयाच्या पायथ्याचा गलगंड, अशी पूर्वी समजूत होती. पावसाने आणि पुराने मातीतील आयोडीन धुऊन जाते आणि त्या मातीत पिकणाऱ्या अन्नातही ते राहत नाही. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये हिमाचलातील कांगडा खोऱ्यात एक ऐतिहासिक प्रयोग सुरू केला. सुमारे एक लाख लोकवस्तीचा प्रदेश तीन विभागांत वाटण्यात आला. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ आणि मधल्या विभागाला साधे मीठ पुरविण्यात आले. सहा वर्षांनंतर आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या विभागांत गलगंडाचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले होते. साध्या मिठाच्या विभागात तसे घडले नव्हते. त्यानंतर त्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

पुढील सर्वेक्षणांतून ध्यानात आले की ही उणीव डोंगराळ उत्तरेपुरती मर्यादित नाही. कर्नाटकातच मुसळधार पावसाच्या चिक्कमगळुरू आणि कोडगू या कॉफीच्या जिल्ह्यांत गलगंड आढळत असे, आणि मैदानी प्रदेशही त्यातून सुटले नव्हते. म्हणून सर्व खाण्याचे मीठ आयोडीनयुक्त करण्याचे धोरण १९८४ मध्ये ठरले आणि १९८६ पासून टप्प्याटप्प्याने अमलात आले. १९९२ मध्ये कार्यक्रमाचे नावही बदलून ‘राष्ट्रीय आयोडीन न्यूनता विकार नियंत्रण कार्यक्रम’ असे करण्यात आले. प्रश्न केवळ गळ्यावरील गाठीचा नसून बालकांच्या बुद्धीचा आहे, याची ती कबुलीच होती.

वाट सरळ मात्र नव्हती. साध्या मिठाच्या विक्रीवरील देशव्यापी बंदी २००० साली मागे घेण्यात आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पुरेसे आयोडीन असलेले मीठ वापरणारी कुटुंबे १९९८-९९ मध्ये सुमारे ४९ टक्के होती. २००५-०६ मध्ये ती सुमारे ५१ टक्के, म्हणजे सात वर्षांत जेमतेम दोन टक्क्यांची वाढ. १७ मे २००६ पासून थेट मानवी सेवनासाठीच्या साध्या मिठाच्या विक्रीवर पुन्हा बंदी आली. २०१८-१९ च्या राष्ट्रीय आयोडीन सर्वेक्षणात हे प्रमाण ७६.३ टक्क्यांवर पोहोचल्याचे दिसून आले. तरीही सुमारे चौथा हिस्सा घरे अद्याप बाकी होती.

बेंगळुरूत काय आढळले?

मीठ सुधारल्यावर मातांना आयोडीनच्या वेगळ्या गोळ्यांची गरज उरते का, हा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर शोधण्याच्या कामी बेंगळुरू शहराचा मोठा वाटा आहे. बेंगळुरूची सेंट जॉन्स संशोधन संस्था, नेदरलँड्समधील वाखेनिंगेन विद्यापीठ, स्वित्झर्लंडमधील ईटीएच झुरिक आणि थायलंडचे माहिडोल विद्यापीठ येथील संशोधकांनी मिळून बेंगळुरू व बँकॉक या दोन शहरांत एक दीर्घ अभ्यास हाती घेतला. २००८ ते २०११ या काळात ८३२ गर्भवती महिलांनी त्यात भाग घेतला. निम्म्यांना बाळंतपणापर्यंत रोज २०० मायक्रोग्रॅम आयोडीनची गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, आयोडीनविरहित गोळी देण्यात आली. कोणाला कोणती गोळी मिळत आहे, हे माता व तपासणारे या दोघांनाही ठाऊक नव्हते.

मुले पाच ते सहा वर्षांची होईपर्यंत त्यांच्या वाढीचा व बुद्धीचा मागोवा घेण्यात आला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता की, दोन्ही गटांतील मुलांच्या बौद्धिक विकासात फरक आढळला नाही. मिठातून आयोडीन घरोघरी पोहोचलेल्या आणि उणीव फार तर सौम्य असलेल्या या शहरांत गोळीमुळे अधिक काही साधले नाही. बेंगळुरूतीलच आणखी एका अभ्यासात, जो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, आयोडीनयुक्त मिठामुळे शहरातील गर्भवती महिलांना पुरेसे आणि त्यांच्या मुलांना पुरेशाहूनही अधिक आयोडीन मिळत असल्याचे दिसून आले.

या निष्कर्षाचा चुकीचा अर्थ लावला जाण्याचा संभव आहे. ‘आयोडीनने काही फरक पडत नाही’ असे हा अभ्यास सांगत नाही. दोन्ही गटांतील बहुतेक माता आधीपासून मिठातून आयोडीन घेत होत्या, म्हणून वरची गोळी अनावश्यक ठरली. ज्या घरात आयोडीनयुक्त मिठाचा डबा सैंधवाच्या पुडीसाठी मागे सारला जातो, त्या घराला हा दिलासा लागू होत नाही.

अमेरिकेतील नातेवाईक गर्भवती व स्तनदा मातांसाठी १५० मायक्रोग्रॅम आयोडीनच्या गोळ्यांचा आग्रह धरतात, तेव्हा अनेकांचा गोंधळ होतो. तेथील थायरॉईडतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस तशीच आहे, कारण तेथे मिठात आयोडीन मिसळणे सक्तीचे नाही. देश बदलला की मिठाचा कायदा बदलतो, आणि त्याबरोबर सल्लाही बदलतो.

आईला द्या, बाळाला पोहोचेल

स्तनपानाच्या काळाबाबत एक महत्त्वाचा अभ्यास मोरोक्कोतील आयोडीनची तीव्र उणीव असलेल्या प्रदेशात झाला आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटात आयोडीनची मोठी मात्रा थेट तान्ह्या बाळांना, तर दुसऱ्या गटात ती अंगावर पाजणाऱ्या मातांना एकदाच देण्यात आली. बाळांची आयोडीन-स्थिती कोणत्या गटात अधिक चांगली राहिली? ज्यांच्या मातांना मात्रा दिली होती, त्या गटात. बाळाच्या तोंडी थेंब घालण्यापेक्षा आईचे पोषण करणे अधिक परिणामकारक ठरले. घरच्या जाणत्या बायका ‘बाळाचे पोट आईच्या ताटात’ या भावनेने बाळंतिणीला जेवू घालतात. आयोडीनच्या बाबतीत ती भावना अक्षरशः खरी आहे.

सहा महिन्यांनंतर बाळ वरचे अन्न खाऊ लागते. बेंगळुरूत शेजारीण रागीची सरी करून देते, तर आजी नाचणीचे सत्त्व व मऊ भात करते. पहिल्या वर्षात बाळाच्या अन्नात मीठ घालू नये, असा बालरोगतज्ज्ञांचा सल्ला असतो आणि तो योग्यच आहे. परंतु त्यामुळे या बिनमिठाच्या अन्नातून आयोडीन फारसे मिळत नाही. म्हणून वरच्या अन्नासोबत स्तनपान चालू ठेवणे आणि आईने स्वतः आयोडीनयुक्त मीठ खाणे, हा भरणा या काळातही खंडित होऊ देऊ नये. बाळाला वरचे दूध द्यावे लागत असल्यास डबाबंद शिशुदुधात ठरावीक प्रमाणात आयोडीन घातलेले असते. ते पाणी वाढवून पातळ केल्यास आयोडीनसह सर्वच पोषक घटक कमी पडतात.

अतिरेकही नकोच

‘थोडे चांगले, तर जास्त अधिक चांगले’ हा न्याय येथे चालत नाही. कोरियात बाळंतिणीला समुद्रशैवालाचे सार भरपूर देण्याची प्रथा आहे, आपल्याकडील हळिवाच्या खिरीसारखीच जिव्हाळ्याची. समुद्रशैवालात आयोडीन प्रचंड असते. अशा मातांच्या दुधात आयोडीन अतिशय वाढल्याचे आणि काही अर्भकांच्या, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या, अवटूचे कार्य त्यामुळे मंदावल्याचे तेथील डॉक्टरांनी नोंदविले आहे. समुद्रशैवालाच्या गोळ्या ‘नैसर्गिक शक्तिवर्धक’ म्हणून मागविणाऱ्या मातांनी हे ध्यानात ठेवावे. नवजात बाळाच्या त्वचेवर आयोडीनयुक्त जंतुनाशक वारंवार लावणेही याच कारणासाठी टाळले जाते.

थायरॉईडच्या गोळ्या घेणाऱ्या मातांच्या मनात दोन शंका हमखास असतात. पहिली, गोळी चालू असताना अंगावर पाजावे का? थायरॉक्सिनची गोळी स्तनपानाच्या काळात सुरक्षित मानली जाते आणि ती स्वतःच्या मनाने बंद करणे धोक्याचे असते. दुसरी, गोळी असताना आयोडीनयुक्त मीठ कशाला? गोळीने आईच्या संप्रेरकाची उणीव भरून निघते, परंतु बाळाची ग्रंथी स्वतःचे संप्रेरक स्वतः तयार करते आणि त्यासाठी लागणारे आयोडीन आईच्या आहारातूनच यावे लागते.

काही बाळांची अवटू ग्रंथी जन्मतःच नीट घडलेली नसते. सुमारे हजारात एका बाळाच्या बाबतीत असे घडते आणि आईने कितीही आयोडीन घेतले तरी ते टळत नाही. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांवरून हे कळते. पहिल्या पंधरवड्यात उपचार सुरू झाल्यास असे बाळ इतर मुलांसारखेच वाढू शकते. ही तपासणी झाली आहे का, हे घरी जाण्यापूर्वी रुग्णालयात अवश्य विचारावे.

स्वयंपाकघरात काय करावे?

पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ हा शब्द आहे का, ते पाहावे. ग्राहकाच्या हाती पडताना किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असणे अपेक्षित आहे. मीठ हवाबंद डब्यात, शेगडी व सिंकपासून दूर ठेवावे, कारण ओलावा व उष्णता यांमुळे आयोडीन कमी होते. शक्य असेल तेथे पदार्थ शिजत आल्यावर मीठ घालावे. सैंधवाची चव हवीच असेल, तर ते ताक-कोशिंबिरीपुरते ठेवावे. रोजच्या आमटी-भाजीत आयोडीनयुक्त मीठच असावे.

मात्र आयोडीनसाठी मीठ वाढविणे हा उपाय नव्हे. दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका लहान चमच्यापेक्षा, अधिक मीठ खाऊ नये असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. किलोमागे १५ मिलिग्रॅम या किमान प्रमाणाने पाच ग्रॅम मिठातून ७५ मायक्रोग्रॅमच आयोडीन मिळते. म्हणून ताटात दूध, दही, अंडी आणि खात असल्यास समुद्रातील मासे यांचीही जोड हवी. दूध-दही पूर्णपणे वर्ज्य करणाऱ्या स्तनदा मातेने डॉक्टरांचा सल्ला जरूर घ्यावा. कोबी, फ्लॉवर, बाजरी हे पदार्थ आयोडीनच्या कार्यात काहीसा अडथळा आणतात असे म्हटले जाते. परंतु मीठ आयोडीनयुक्त असेल, तर नेहमीच्या प्रमाणात ते खाण्यास हरकत नाही. घरात धूम्रपान होत असेल, तर ते थांबविण्यास हे आणखी एक कारण समजावे. धूम्रपान करणाऱ्या मातांच्या दुधात आयोडीनचे प्रमाण कमी आढळले आहे.

दरवर्षी २१ ऑक्टोबर हा दिवस जागतिक आयोडीन न्यूनता दिन म्हणून पाळला जातो. मिठात आयोडीन मिसळण्याचा खर्च माणशी वर्षाकाठी काही रुपयांचाच येतो आणि त्यातून वाचते ती एका पिढीची बुद्धी. इतक्या अल्प गुंतवणुकीवर इतका मोठा परतावा देणारी योजना विरळाच.

बाळाच्या नावाने बचत खाते उघडण्यासाठी पालक बँकेत येतात, तेव्हा बाळाचे वय कित्येकदा काही महिन्यांचेच असते. तत्पूर्वीच एक खाते उघडलेले असते आणि त्यात रोज, प्रत्येक दुधासोबत, आई भरणा करीत असते. लेकीच्या बाळंतपणासाठी निघालेल्या आईने डिंक, खारीक, हळीव सारे आवर्जून न्यावे. सैंधवाची पुडी मात्र तेवढी घरी ठेवली तरी चालेल.